भाचीचे २४ हजार ठरले, हातात आले १०,६००. मॉडेलिंगमध्ये हिशोब असाच असतो का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या घरात या विषयातलं कुणालाच काही कळत नाही, म्हणून इथे टाकतोय.

भाची जळगावला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. गॅदरिंगचे फोटो पाहून कुणीतरी तिला मुंबईच्या एका मॉडेलिंग एजन्सीचा नंबर दिला. एजन्सीने फोटो मागवले, व्हिडिओ कॉल केला, करार पाठवला. करार इंग्रजीत. ताईने मला वाचायला दिला, मी मराठीचा मास्तर, चष्मा लावून "ठीक दिसतंय" म्हणालो. चूक तिथेच झाली असावी.

दिवाळीआधी काम आलं. एका सराफी पेढीचा कॅटलॉग, मुंबईत दोन दिवस शूट, दिवसाला १२,०००. ताई सोबत गेली, भुसावळहून रात्रीची गाडी, मुक्काम डोंबिवलीला आत्याकडे. दोन दिवस झुमके घालून-काढून पोरीच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या, घरी आल्यावर चार दिवस खोबरेल लावत होती. पण खूश होती.

पैसे आले चार महिने दहा दिवसांनी. सोबत हा हिशोब:

ठरलेली रक्कम २४,०००
एजन्सी कमिशन २५ टक्के, ६,००० वजा
टीडीएस १० टक्के, २,४०० वजा
कॉम्प कार्ड ३,५०० वजा
वेबसाइट १,५०० वजा
शिल्लक १०,६००

गाडीभाडं, रिक्षा, खाणंपिणं सगळं आमच्या पदरचं. दाजी म्हणतात पोलिसात जाऊ. ताई म्हणते झालं तेवढं पुरे, सीएच्या परीक्षेला बस. भाची काहीच बोलत नाही. हे असंच असतं, की पोरीला गंडवलं?

खोडवा
मास्तर, ही तर आपली केळीची पट्टी झाली! रावेरचा भाव पेपरात वेगळा आणि आपल्या हातात वेगळा. मधल्या मध्ये कटती, हमाली, अमुक खर्च, तमुक खर्च. फक्त तुमच्याकडे घडाच्या जागी भाची आहे.

भरीत_पार्टी
कॉम्प कार्ड म्हणजे काय? एटीएमसारखं असतं का, पैसे निघतात त्यातून?

पूर्वाश्रमीची
@भरीत_पार्टी, उलटं आहे. त्यात पैसे जातात. :)

मूळची अमळनेरची, आठ वर्षं मुंबईत हेच काम केलं, आता नाशकात संसार. कॉम्प कार्ड म्हणजे मॉडेलचं व्हिजिटिंग कार्ड समजा. पुढे एक मोठा फोटो, मागे तीन-चार छोटे, उंची, मापं, एजन्सीचा नंबर.

तापीकाठ दादा, दाजींना सांगा पोलीस स्टेशनची पायरी एवढ्यात चढू नका. २५ टक्के कमिशन ही लूट नाही. माझ्या वेळी कुणी २० घ्यायचं, कुणी ३०. त्या बदल्यात एजन्सी काम आणते, भाव ठरवते, शूट रात्री अकरापर्यंत लांबलं तर फोनवरून भांडते आणि पैसे वसूल करते. पहिली दोन वर्षं मी एजन्सीशिवाय, कोऑर्डिनेटर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कामं केली. कमिशन वाचलं, तीन पेमेंट बुडाली. पैकी एक तर साठ कुर्त्यांच्या कॅटलॉगचं होतं. एका दिवसात साठ कपडे बदलायचे, ढगळ कुर्ता मापात दिसावा म्हणून पाठीला ओळीने क्लिपा लावलेल्या, आणि सँडल दुकानात परत जाणार म्हणून तळव्यांना कागदी चिकटपट्टी. समोरून राणी, मागून वाळत घातलेले कपडे. त्याचे पैसे आजतागायत यायचेत.

उशीर का होतो? ब्रँड पैसे देतो जाहिरात संस्थेला, ती प्रॉडक्शन हाउसला, ते मॉडेलिंग एजन्सीला, ती मॉडेलला. जो तो आपल्या बिलावर ६० नाहीतर ९० दिवसांची मुदत मागतो. आणि एजन्सीच्या करारात बहुधा एक ओळ असते की क्लायंटकडून पैसे आल्यावरच मॉडेलला मिळतील. म्हणजे रांगेत शेवटी कोण, तर जिच्या कानाला खोबरेल लावलंय ती.

माझं डोकं फिरतं ते खालच्या दोन ओळी वाचून. काही एजन्सी सुरुवातीचा खर्च आपल्या खिशातून करतात आणि पहिल्या कामातून वळता करून घेतात, हे खरं आहे. पण तो करारात रकमेसकट लिहिलेला हवा. आणि छापील कार्ड आता मागतं कोण? पीडीएफ जाते फोनवरून. ती ३,५०० ची कार्डं तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत का?

तापीकाठ
नाही पाहिली. भाचीलाही नाही मिळाली. करारात "विकास खर्च" अशा अर्थाचा एक शब्द आहे, रक्कम नाही.

ताळेबंद
जळगावात कर सल्लागार आहे, त्यामुळे मला फक्त २,४०० ची, टीडीएसची ओळ दिसली. टीडीएस म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून सरकारात भरायचा आयकर.

एक, १० टक्के कापायचे तर कशावर? एजन्सी भाचीला देणार १८,०००, मग कपात १८,००० वर, म्हणजे १,८००. इथे पूर्ण २४,००० वर कापलेत. दोन, व्यावसायिक मानधनावरच्या टीडीएसला मर्यादा आहे. एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात मिळालेली रक्कम तिच्या आत असेल तर कापायची सक्ती नाही. ही मर्यादा आधी ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. तरी बरेच जण सवयीने कापतात. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: कापलेले पैसे भाचीच्या पॅनवर भरलेत का? आयकराच्या साइटवर फॉर्म २६एएस काढा, म्हणजे तिच्या नावावर किती कर जमा झाला त्याचा उतारा. एजन्सीने तिचं तिमाही टीडीएस विवरणपत्र भरल्यावर त्यात दिसतं, लगेच नाही. दिसलं तर चिंता नाही. भाचीचं बाकी उत्पन्न काही नाही, तिचं आयकर विवरणपत्र भरा, सगळे पैसे परत मिळतील. नाही दिसलं तर ते टीडीएस नव्हे, निव्वळ कपात.

पॅन दिला होता ना? नसेल दिला तर १० च्या जागी २० टक्के कापतात.

खोडवा
२५ टक्के म्हणजे लूट नाही म्हणणाऱ्या ताईंना माझा रामराम. आमच्या अडत्याने २५ टक्के मागितले असते तर त्याला केळीच्या पानात गुंडाळून तापीत सोडला असता.

पूर्वाश्रमीची
@खोडवा भाऊ, तुमची केळी रोज निघते. मॉडेलला महिन्यात चार दिवस काम असलं तर तो महिना चांगला. अडत्या केळीला नाही म्हणायला शिकवतो का? एजन्सी शिकवते. ते कपडे घालणार नाही, एवढ्या रात्री थांबणार नाही, हे तिच्या वतीने सांगणारं कुणीतरी लागतं. वीस वर्षांच्या पोरीला एकटीला ते सांगणं जड जातं.

घडणावळ
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे पैसे देणारा. छोटं सोन्याचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी. (मास्तरांची पेढी मी नव्हे, आधीच सांगतो.)

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) जाहिरातीसाठी एकदा हौसेने मुंबईहून मॉडेल आणली. एजन्सीला एका दिवसाचे ३५,००० मोजले, वर १८ टक्के जीएसटी. जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी माझ्या बायकोला सहज म्हणाली, मला १५ सांगितलेत. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं जणू मधले २० मीच खाल्ले. आमच्या धंद्यात निदान सोन्याचा भाव आणि घडणावळ बिलावर वेगवेगळी लिहितात. इथे तसं काही दिसलं नाही.

पूर्वाश्रमीची
घडणावळ काकांनी नेमकं दुखणं सांगितलं. एजन्सीची कमाई दोन तऱ्हेची असते. एक उघड: मॉडेलच्या रकमेतून ठरलेले टक्के. परदेशात मोठ्या एजन्सी त्याशिवाय क्लायंटकडूनही वेगळी फी घेतात, पण तीही बिलावर लिहून. दुसरी झाकलेली: क्लायंटला एकच गठ्ठा आकडा सांगायचा, मॉडेलला दुसरा, मधलं आपलं. वर मॉडेलच्या आकड्यातून पुन्हा २५ टक्के कापायचे. गावाकडची नवखी मुलगी असली की हे हमखास.

तापीकाठ दादा, एजन्सीला लेखी विचारा, क्लायंटला भाचीच्या नावाने बिल कितीचं गेलं? उत्तर देतील न देतील, पण ते किती वेळ घेतात त्यावरूनच बरंच कळतं.

खोडवा
दोन्हीकडून अडत! ऐका मग. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, हे महाराष्ट्रात २०१६ साली ठरलं. त्यासाठी किती बोंबाबोंब झाली, बाजार बंद राहिले. तुमच्या या मॉडेल लोकांची संघटना नाही का?

पूर्वाश्रमीची
संघटना करायला दोन मॉडेल एका जागी दोन तास रिकाम्या भेटायला हव्यात.

न्यूयॉर्कात मात्र झालं. फॅशन वर्कर्स ॲक्टवर डिसेंबर २०२४ मध्ये सही झाली, जून २०२५ पासून लागू आहे. एजन्सीने २० टक्क्यांवर कमिशन घ्यायचं नाही, आधी डिपॉझिट मागायचं नाही, आठ तासांवर काम गेलं तर दीडपट दर.

भरीत_पार्टी
न्यूयॉर्कला भरीत मिळत नाही, त्यामुळे आपल्याला तिथलं काही सांगू नका. शूटवर जेवायला काय असतं तेवढं सांगा.

पूर्वाश्रमीची
पनीर. कायम पनीर. आठ वर्षांत मी एवढं पनीर पाहिलंय की आता शेवभाजी दिसली तरी डोळ्यांत पाणी येतं.

भरीत_पार्टी
बामणोदची वांगी पाठवू का? जीआय टॅगवाली आहेत, कमिशन न घेता पाठवतो.

फोकस_धुळे
भरीत बाजूला ठेवून जरा गावाकडचा दर सांगतो. धुळ्यात साडीच्या दुकानांची, लॉन्सवाल्यांची, क्लासेसची कामं करतो. इथे एजन्सी वगैरे भानगड नाही. मुलगी कुणाच्या तरी ओळखीची, दिवसाचे अडीच-तीन हजार, रोख, संध्याकाळीच. कधी दुकानदार म्हणतो पैसे कशाला, एक साडी घेऊन जा. पावती नाही, करार नाही. पण चार महिने थांबायलाही लागत नाही. मुंबईच्या १०,६०० पुढे आमचे दोन दिवसांचे सहा हजार मला काही वाईट वाटत नाहीत.

लालमिरची
नंदुरबारहून. मास्तर, तुमच्या पोरीने निदान काम केलं आणि पैसे मिळाले. माझ्या चुलतभावाचं ऐका. हॉटेलच्या हॉलमध्ये "ऑडिशन", ५,५०० नोंदणी, चेहरा फार वेगळा आहे म्हणून निवड, मग पोर्टफोलिओचे ३५,०००. त्याने मिरचीच्या पैशातून भरले. फोटो मिळाले, चांगले आहेत, लग्नाच्या बायोडाटाला लावलेत. काम शून्य. ज्यांनी पैसे घेतले त्यांचा फोन चारच महिन्यांत बंद.

पूर्वाश्रमीची
कामातून टक्के घेणारी एजन्सी तुम्हाला काम मिळावं म्हणून धडपडते. आधीच फी घेणाऱ्याचं पोट फी घेऊन भरलेलं असतं, तो कशाला धडपडेल? लालमिरची, त्याचं लग्न तरी जमलं का?

लालमिरची
जमलं. म्हणजे ३५ हजार अगदीच वाया गेले नाहीत.

जंक्शन
भुसावळ. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना शाळेच्या गणवेशाच्या जाहिरातीत होता, म्हणून लहान मुलांबद्दल सांगते. २०१७ च्या बालकामगार नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांवर नाही, आणि मिळालेल्या रकमेपैकी निदान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट भरायचे. मी हे सेटवर विचारलं तर तिथल्या माणसाने "मॅडम, पहिल्यांदाच कुणी विचारतंय" असं म्हटलं. ठेव मात्र झाली. १,६०० रुपयांची. पावती मी नऊ पदरी घडी करून देव्हाऱ्यात ठेवलीय.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. २६एएसचं भाचीला सांगितलंय. काल ताईने हायवेवर भाचीच्या होर्डिंगखाली उभं राहून सेल्फी काढला, तेवढाच आनंद. मलाही पाठवलाय. चाळीस फुटी भाची पाहून ऊर भरून आला हो.

पूर्वाश्रमीची
थांबा. होर्डिंग??

दादा, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही कॅटलॉग लिहिलंय. करारात किंवा कामाच्या मेलमध्ये वापराबद्दल काय लिहिलंय ते शब्द न शब्द इथे टाका.

तापीकाठ
मेलमध्ये: "फक्त छापील व डिजिटल कॅटलॉग, सहा महिने." मराठी माझं. होर्डिंगचा उल्लेख नाही. त्याने फरक पडतो?

पूर्वाश्रमीची
त्यानेच पडतो! आपण इतका वेळ कॉम्प कार्डाच्या साडेतीन हजारांवर भांडत बसलो.

मॉडेलचे पैसे दोन गोष्टींचे असतात. एक दिवसभराच्या मेहनतीचे. दुसरे तो चेहरा कुठे, किती दिवस, कोणत्या भागात लावणार याचे. कॅटलॉगचा दर सगळ्यात कमी, कारण तो चार गिऱ्हाइकं पाहतात. होर्डिंग, टीव्ही, पॅकिंग यांचे वेगळे ठरतात, आणि मोठ्या कामात तर दिवसाच्या दराच्या कितीतरी पट ठरतात. मुदत संपली आणि अजून लावायचं असेल तर पुन्हा पैसे. साबणाच्या वेष्टनावरच्या एका फोटोसाठी मला शूटच्या दिवसाचे मिळाले त्याहून जास्त दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाचे मिळाले, आणि त्या दिवशी मी घरी मेथी निवडत होते.

अजून एक पाहा. कुठे असं लिहिलंय का की अमुक काळ दुसऱ्या सराफाचं काम करायचं नाही? त्या बंदीचेही पैसे मागायचे असतात.

घडणावळ
जळगावच्या मुलीला दुसऱ्या सराफाचं काम बंद म्हणजे माशाला पाणी बंद.

फोकस_धुळे
इथे मी थोडा आडवा जातो. फोटोची मालकी भाचीची नाही हे लक्षात घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा. फोटोग्राफरसुद्धा नाही, मॉडेल तर नाहीच. मेल दाखवून भांडता येईल, पण शूटच्या दिवशी सेटवर तिने रिलीज फॉर्मवर, म्हणजे फोटो वापरायच्या परवानगीच्या कागदावर सही केली असेल आणि त्यात "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" असं असेल तर विषय संपला. मेकअप चालू असताना सही घेतात, मी पाहिलंय. डोळे मिटलेले असतात, पेन हातात देतात.

पूर्वाश्रमीची
फोकस बरोबर बोलतोय. मालकी तिची नाही, म्हणूनच तो मेल जपायचा. सहीचं भाचीला आधी विचारा.

अहिर_भो
बठ्ठं वाची लिधं. एक गोष्ट समजनी नई. पैसा चार महिना उशिरा भेटस, तं याज कोण देस?

ताळेबंद
@अहिर_भो, लाखातला प्रश्न. व्याज मिळू शकतं, पण आधी तयारी हवी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करायची, ऑनलाइन आहे, फुकट आहे, मध्ये एजंट घालू नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे आहेत. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. तक्रार लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येते. त्यामुळे मार्चमध्ये लेखापालच मालकाच्या मागे लागतो. नोंदणी कामाच्या आधी झालेली हवी, म्हणून या कामाला उपयोग नाही. पुढच्या कामाआधी करून ठेवा.

जीएसटीची भीती घालतील, त्याला घाबरू नका. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर तिला नोंदणीच लागत नाही.

भरीत_पार्टी
मी रीलवर भरिताची जाहिरात करून मिक्सर मिळवला. मलाही व्याज मिळेल का?

ताळेबंद
नाही, पण कर लागू शकतो. १ जुलै २०२२ पासून एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वरच्या वस्तू मिळाल्या तर त्यावरही १० टक्के टीडीएस आहे. मिक्सर कितीचा?

भरीत_पार्टी
मिक्सर कुठला? मी पाट्यावर वाटतो.

तापीकाठ
दोन आठवड्यांनी येतोय. शाळेत परीक्षा होत्या.

२६एएसमध्ये १,८०० दिसले. ताळेबंद साहेबांचं गणित दाखवल्यावर एजन्सीने "टायपिंगची चूक" म्हणून ६०० परत केले. कार्डं कुठे आहेत विचारलं तर दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, भाचीच्या आडनावात चूक असलेली. वेबसाइटवर ती आहे, शेवटून दुसरी. क्लायंटला बिल कितीचं गेलं याला अजून उत्तर नाही, "अकाउंट्स बघताहेत".

सेटवर सही केली होती. पण पोरीने त्या कागदाचा फोनवर फोटो काढून ठेवला होता! मला कधी बोलली नाही, कारण मी विचारलंच नाही. त्यावरही कॅटलॉग एवढंच लिहिलंय. मग तिने स्वतःच एजन्सीला मेल लिहिला, सोबत ताईचा सेल्फी जोडला, मागे होर्डिंग, तारखेसकट. एजन्सी म्हणाली आम्हाला कल्पना नव्हती, क्लायंटशी बोलतो. काल पेढीकडून निरोप आला: घरचीच मुलगी आहे, पैशाचं कशाला, चांदीचे पैंजण पाठवतो.

ताई विरघळली होती. भाची म्हणते पैंजण नको, बिल पाठवते. होर्डिंगच्या बिलात काय काय लिहायचं, नमुना आहे का कुणाकडे?

पूर्वाश्रमीची
शाब्बास पोरी. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. बिल एजन्सीमार्फतच पाठवा, करार मोडू नका. माध्यम, ठिकाणं, महिने, तिन्ही वेगळ्या ओळीत लिहा. आणि रक्कम आधी तिला स्वतःला ठरवू द्या.

खोडवा
त्यातले २५ टक्के परत एजन्सीचे?

पूर्वाश्रमीची
हो भाऊ. त्या २५ टक्क्यांसाठी तरी आता पळतील.

घडणावळ
पैंजण किती भाराचे, आणि घडणावळ धरून की सोडून, ते विचारलं का?